श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित

यादवकाळाचा विषय निघाला की आपल्या पंथीय वाचकाच्या मनात एक नाव काट्यासारखे सलते. ते नाव हेमाद्री पंडिताचे, लोकांच्या तोंडच्या हेमाडपंताचे होय. रहिमतपूर परिसरातील काही वासनिक मंडळींनी लीळाचरित्राच्या वाचनानंतर असा प्रश्न विचारला की, ज्याच्या नावाने गावोगावची दगडी देवळे ओळखली जातात, ज्याला लोक मोडी लिपीचा जनक मानतात, तोच हा पुरुष असेल तर त्याच्याविषयी आपण काय बोलावे? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर केवळ निंदेने मिळणार नाही आणि केवळ स्तुतीने तर मुळीच मिळणार नाही. याकरिता हेमाद्रीचे चरित्र, त्याने चालविलेले राज्ययंत्र आणि त्या यंत्राची सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मार्गाशी पडलेली गाठ, यांचा एकत्र विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम राज्याची स्थिती पाहू. यादव हे मूळचे सेऊण देशाचे, म्हणजे नाशिक व खानदेश या बाजूचे सामंत. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खचल्यावर पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास स्वतंत्र राज्य उभारले व देवगिरी ही राजधानी केली. त्याचा नातू सिंघण याच्या कारकीर्दीत (१२१० ते १२४६) हे राज्य खऱ्या अर्थाने वाढले. त्याने १२१२ च्या सुमारास पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोज शिलाहाराचा पराभव केला आणि कृष्णेचे खोरे देवगिरीच्या शासनाखाली आले. रहिमतपूर हे नाव पुढच्या, मुसलमानी अमदानीतले. पण ज्या भूमीवर ते गाव वसले आहे ती भूमी त्या वेळी एका राजधानीतून सुटून दुसऱ्या राजधानीच्या वहीत दाखल झाली. याच भूमीच्या उत्तरेस फलटण आहे. पंचकृष्णांपैकी श्रीचांगदेव राऊळ यांचा अवतार तेथलाच. म्हणजे आमच्या या भागाला देवगिरीचा राजदंड पोचण्यापूर्वीच परमेश्वराचे चरण लागले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

राज्य तलवारीने वाढते, पण टिकते ते वहीने. भिल्लमापासून सिंघणापर्यंतचा काळ तलवारीचा होता. त्यानंतरचा कृष्णदेव, महादेव व रामदेव यांचा काळ वहीचा आहे. त्या वहीचा अधिकारी म्हणजे श्रीकरणाधिप. करण म्हणजे दप्तर. गावच्या कुळकर्ण्याच्या नावातही हाच शब्द आहे. कोणते गाव कोणाला दान दिले, त्याच्या सीमा कोणत्या, कोणता कर माफ आणि कोणता चालू, या सर्वांची नोंद या खात्यात होत असे. ताम्रपटाचा मसुदाही तेथेच ठरे. पूर्वी दिलेल्या भूमीचे रक्षण शापाने होत असे. शिलाहार व यादव काळातील गद्धेगाळ अनेकांनी पाहिले असतील. वर सूर्यचंद्र आणि खाली दान मोडणाऱ्यास उद्देशून कोरलेली अभद्र शिवी. राजाचा हात जेथे पोचत नाही तेथे शाप कोरावा लागतो. श्रीकरण बळकट होत गेले तसा शापाच्या जोडीला राजाचा लेखही उभा राहिला.

या पदावर हेमाद्री आला तो महादेवरायाच्या कारकीर्दीत. महादेव १२६१ मध्ये गादीवर बसला. हेमाद्री हा वत्सगोत्री ब्राह्मण. पित्याचे नाव कामदेव, आजा वासुदेव आणि पणजा वामन, अशी वंशावळ त्याच्याच ग्रंथांतून मिळते. घराणे विद्येचे होते. आपल्या ग्रंथांत तो स्वतःला महादेवरायाच्या सर्व श्रीकरणांचा प्रभू म्हणवितो, आणि तो अभिमान पोकळ नव्हता. महादेवाने उत्तर कोकणच्या सोमेश्वर शिलाहारावर स्वारी केली. सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि १२६५ च्या सुमारास कोकणचे राज्य यादवांकडे आले. त्या जलयुद्धाचे चित्रण मुंबईजवळच्या एकसर येथील वीरगळांवर आहे असे अभ्यासक मानतात. ही हकीकत हेमाद्रीने आपल्या व्रतखंडाच्या आरंभी जोडलेल्या राजप्रशस्तीत सांगितली आहे. त्या प्रशस्तीत यादववंशाचे मूळ चंद्रापर्यंत आणि यदुकुलापर्यंत नेलेले असून पुढे दृढप्रहारापासून महादेवापर्यंतची परंपरा दिलेली आहे. इतिहासकारांना ती आज फार उपयोगी पडते. पण ती लिहिण्यामागचा हेतू इतिहास हा नव्हता. व्रतांच्या ग्रंथाच्या दारात राजवंश उभा करावयाचा, म्हणजे व्रत आचरणाऱ्याने आधी राजाला ओलांडून आत यावे, असा तो बेत होता. ज्या श्रीकृष्णचक्रवर्तींना आपण परमेश्वरावतार मानून स्मरतो, त्यांचेच कुळ येथे राजाच्या सिंहासनाला टेकू म्हणून वापरलेले आहे. या गोष्टीचा आपल्या पंथीय अभ्यासकांनी पुरेसा विचार केलेला नाही असे मला वाटते.

आता त्या ग्रंथाविषयी. चतुर्वर्गचिंतामणी हा हेमाद्रीचा मुख्य ग्रंथ. व्रत, दान, तीर्थ आणि मोक्ष हे त्याचे चार खंड आणि पाचवा परिशेषखंड, अशी त्याची योजना. व्रतखंड, दानखंड आणि परिशेषातील श्राद्ध व काल यांवरील भाग हे उपलब्ध आहेत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते छापले. तीर्थखंड व मोक्षखंड आजवर हाती आलेले नाहीत. व्रते शेकड्यांनी मिळावीत आणि मोक्षाचे पान सापडू नये, हा योगायोग असेल. पण आपल्या पंथाच्या वाचकास त्यावर हसू आल्यास त्याला दोष देता येणार नाही.

धर्मशास्त्राचे असे निबंध राजाश्रयाने रचण्याची प्रथा जुनी होती. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राजधानीत विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. कनोजच्या गोविंदचंद्र राजाचा मंत्री लक्ष्मीधर याने कृत्यकल्पतरू रचला. कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याने तर स्वतःच्याच नावाने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका केली. पुढे विजयनगरच्या काळात माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवर मोठा निबंध केला. ही लाट केवळ भारतातली नव्हती. हेमाद्रीच्याच आयुष्यात, तिकडे स्पेनमधील कास्तील देशाचा राजा दहावा आल्फान्सो आपल्या राज्यासाठी सात भागांचा कायदेग्रंथ तयार करवीत होता. राजसत्ता वाढू लागली की ती केवळ कर मागून स्वस्थ बसत नाही. प्रजेने काय करावे आणि काय करू नये हे सांगणारा ग्रंथही तिला आपल्या घरचा हवासा वाटतो.

तथापि एक भेद लक्षात घेतला पाहिजे. विज्ञानेश्वराच्या टीकेत व्यवहार आहे, म्हणजे ऋण, वाटणी, वारसा, साक्षी, दंड यांचा विचार आहे. हेमाद्रीच्या खंडांच्या योजनेत व्यवहाराला स्वतंत्र खंड नाही. मग राज्याच्या एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने हा ग्रंथ रचला कशासाठी? माझ्या मते उत्तर त्याच्या पदातच आहे. दान कोणाला, कोणत्या तिथीला, किती आणि कोणत्या विधीने द्यावे हे एकदा ठरले, की गावे, जमिनी व द्रव्य कोणाकडे वाहत जाणार हेही ठरते. काल ठरला की सारे राज्य एकाच दिवशी उपास करते आणि एकाच दिवशी पारणे फेडते. श्राद्ध ठरले की घराघरातील मृत माणूसही विधीच्या आणि म्हणूनच पुरोहिताच्या अधीन होतो. भांडणांचे निवाडे गोत आणि गाव आपापल्या ठिकाणी करीतच होते. त्यात हात न घालता लोकांच्या वर्षाचा प्रत्येक दिवस ताब्यात घेणे हे अधिक सोपे आणि अधिक खोल होते. तुलापुरुषासारखी महादाने तर राजानेच करावयाची. राजा सोन्याने तोलला जातो, ते सोने वाटले जाते, आणि घेणारे सर्व त्या राजाचे होऊन जातात.

आपल्या शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हा सर्व देवताचक्राचा व्यापार होय. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. देवता आपापल्या अधिकारापुरते फळ देतात आणि ते फळ भोगून संपते. हे निरूपण सर्वज्ञांनी मराठीत, बाजारात बसणाऱ्यालाही कळेल अशा शब्दांत केले. ज्या राज्याचा अधिकारी शेकडो व्रतांची आणि त्यांच्या देवतांची यादी करीत होता, त्याच राज्यात एक पुरुष त्या यादीने मोक्ष मिळत नाही असे सांगत फिरत होता. संघर्षाचे बीज येथे आहे. व्यक्तिगत द्वेषाच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्या दुय्यम आहेत.

हेमाद्री केवळ दप्तराचा माणूस नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याने आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. वैद्य केशवाचा पुत्र बोपदेव हा त्याच्या आश्रयाला होता. मुग्धबोध हे व्याकरण, तसेच भागवतावरील मुक्ताफल व हरिलीला हे ग्रंथ त्या बोपदेवाचे. मुक्ताफलावर कैवल्यदीपिका ही टीका हेमाद्रीच्या नावावर आहे. भक्तीच्या रसांची चर्चा करणारा, श्रीकृष्णलीलांवर टीका लिहिणारा हा पंडित होता. त्याला भक्ती ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. ती त्याला संस्कृतातून, सभेत बसून, अधिकारी श्रोत्यांसमोर ठाऊक होती.

लोकांनी मात्र त्याला वेगळ्याच गोष्टींसाठी लक्षात ठेवले. चुन्याशिवाय रचलेले प्रत्येक जुने देऊळ त्याच्या नावावर जमा झाले. अंबरनाथचे देवालय १०६० मधले, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे; तरी तेही हेमाडपंतीच म्हटले जाते. याच घडणीच्या देवळांच्या चौकांत, मठांत आणि ओसऱ्यांवर सर्वज्ञांची वसती झाली. स्थानपोथी उघडून पाहावी; कोणते दार पूर्वेचे, कोणते उत्तरेचे, आसन कोठे, हे सारे तेथे नोंदलेले आहे. बांधणाऱ्याचे म्हणून लोक ज्याचे नाव घेतात त्याचा संबंध संशयास्पद, आणि जे तेथे राहिले त्यांची स्थाने निश्चित, असा हा प्रकार आहे. मोडी लिपी व बाजरी त्याने लंकेहून आणली या कथेलाही आधार दाखविता येत नाही. तथापि दप्तरात झरझर लिहिण्याच्या लिपीचा जनक म्हणून लोकांनी श्रीकरणाच्या अधिकाऱ्याला निवडावे, यात लोकस्मृतीचा एक न्याय आहे.

महादेवराय १२७१ मध्ये वारला. त्याचा पुत्र आमण गादीवर बसला. पण कृष्णदेवाचा पुत्र रामदेव याने त्याला पदच्युत केले. नर्तकांच्या वेषातील माणसे देवगिरीच्या किल्ल्यात शिरली आणि आमणाचे डोळे काढण्यात आले, अशी परंपरा आहे. ज्या राज्यात कोणत्या तिथीला कोणते पुण्य याचा इतका बारकाईने हिशेब होता, तेथे चुलतभावाच्या डोळ्यांचा हिशेब कोणत्या खंडात मांडला गेला असेल? हेमाद्रीचे पद मात्र अबाधित राहिले. १२७२ च्या ठाणे ताम्रपटात रामदेवाच्या राज्यात सर्व करणांचे आधिपत्य आणि हत्तीदलाचे अध्यक्षपद त्याच्याकडे असल्याचा व त्याने झाडीमंडळ जिंकल्याचा उल्लेख आहे. ज्याच्या वंशाची प्रशस्ती महादेवापाशी येऊन थांबविली होती, त्या महादेवाचा मुलगा आंधळा झाला आणि प्रशस्तिकार नव्या राजाच्या सेवेत पूर्वीपेक्षाही मोठा झाला. त्याला केवळ कृतघ्न म्हणणे सोपे आहे. राजा बदलला तरी दप्तर बदलत नाही, ही नव्या राज्ययंत्राची ओळख होती, आणि हेमाद्री त्या यंत्राचा पहिल्या प्रतीचा सेवक होता.

याच काळात सर्वज्ञांचा मार्ग विस्तारत होता. १२६७ च्या सुमारास पैठण येथे संन्यासग्रहण होऊन त्यांचा एकांकाचा काळ संपला आणि परिवारासह भ्रमण सुरू झाले. त्यांच्याजवळ कोण येत होते? ब्राह्मण येत होते तसे इतर वर्णांचे लोकही येत होते. विधवा, वृद्ध स्त्रिया येत होत्या, आणि त्यांना संन्यासाचा व ज्ञानाचा अधिकार मिळत होता. ज्याच्या नावाने पुढे पंथ ओळखला गेला ते श्रीनागदेवाचार्य भटोबास हे शस्त्र टाकून आलेले. येथे वाचकांनी एक साम्य पाहावे. सर्वज्ञांचा पूर्वाश्रम हा गुजरातच्या प्रधानाच्या घरचा होय. भडोचच्या राज्यातील प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरिपाळदेव. ज्या प्रकारचे पद हेमाद्रीने आयुष्यभर जपले, त्याच प्रकारचे पद, तेही जन्मतः लाभलेले, सर्वज्ञांनी तृणवत टाकले होते. राजसत्ता म्हणजे काय हे देवगिरीत कोणी त्यांना शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

धर्माचा निर्णय देण्याचा अधिकार त्या काळी राजाकडे नव्हता. तो ब्राह्मणसभांकडे होता. पैठण हे त्यातले प्रमुख स्थान. आमच्या कृष्णाकाठी कऱ्हाड आणि वाई येथील सभांना मराठेशाहीपर्यंत असाच मान होता. सभा निर्णय देई. पण तिच्या हाती दंड नसे, फार तर बहिष्कार असे. राजाच्या हाती दंड होता. पण धर्माच्या विषयात त्याला सभेची संमती लागे. हे दोन अधिकार वेगळे होते तोवर सामान्य माणसाला व साधूला त्यांच्यामधल्या फटीतून वाट काढता येत असे. हेमाद्रीच्या ठायी ही फट बुजली. तो धर्मशास्त्राचा निबंधकार होता आणि राज्याचा अधिकारीही होता. सभेतील पंडित आता निर्णय देऊन थांबत नव्हते. तो अंमलात आणणारा माणूस त्यांच्याच भाषेत बोलणारा होता. सर्वज्ञांना पैठणच्या सभेकडून आणि राजपुरुषांकडून जो उपद्रव झाला, त्यात हेमाद्रीचा हात होता असे आपली परंपरा सांगते. त्या प्रसंगाचे तपशील येथे लिहावयास माझी लेखणी धजत नाही आणि त्याचे कारणही नाही. पंथीयांना ते ठाऊक आहेत. १२७४ च्या सुमारास बेलापूरहून सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले.

तरुण अभ्यासक मला कधी कधी विचारतात की हेमाद्रीला दुष्ट म्हणावे की नाही. सर्वज्ञांनी हिंसेचा अत्यंत निषेध केला आहे आणि द्वेष हा मनाने घडणारा हिंसेचाच प्रकार आहे. म्हणून द्वेष आपल्याला निषिद्ध. पण द्वेष नको म्हणजे निवाडाही नको असे नव्हे. हेमाद्रीचा दोष अज्ञानाचा नव्हता. तो दोष असा की, ज्याला शास्त्र कळत होते त्याने शास्त्राला राजाच्या दंडाची जोड दिली, आणि मग त्या जोडीपुढे जो झुकला नाही त्याला अपराधी ठरविले. त्याच काळातला दुसरा एक पंडित पाहावा. म्हाइंभट हे सराळ्याचे, शास्त्रात निष्णात, संपन्न आणि वादाची खुमखुमी असलेले. सर्वज्ञांपुढे त्यांचा वाद थांबला. पुढे सर्व टाकून ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. विद्या दोघांजवळ होती. एकाने ती दरबारात नेली आणि दुसऱ्याने भिक्षेच्या झोळीत ठेवली.

म्हाइंभटांचे कार्य श्रीकरणाशी ताडून पाहण्यासारखे आहे. १२७८ च्या सुमारास त्यांनी सर्वज्ञांच्या लीळा एकत्र केल्या. ज्याने जे पाहिले, ऐकले, त्याच्याकडे जाऊन, गावोगाव हिंडून, विचारून ते लिहिले. दोघांच्या आठवणीत अंतर पडले तर एकाची पुसून टाकली नाही. अमक्याची वासना अशी, अमक्याची तशी, म्हणून दोन्ही ठेवल्या. राजाच्या दप्तरात एकच लेख खरा असतो, कारण त्यावर मुद्रा असते. म्हाइंभटांच्या पोथीत साक्षी देणारी म्हातारी आणि साक्षी देणारा आचार्य यांना सारखेच स्थान आहे. पुरावा कसा घ्यावा याचे हे उदाहरण कोणत्याही न्यायशास्त्राने आदराने पाहावे असे आहे. भाषेचेही तेच. केशिराज व्यासांसारखे संस्कृतज्ञ शिष्य जवळ असूनही भटोबासांनी मराठीचा आग्रह सोडला नाही; शास्त्र संस्कृतात गेले तर आपल्या वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील, ही त्यांची चिंता होती. हेमाद्रीच्या चिंतामणीत मात्र व्रत करणाऱ्या स्त्रीला ते व्रत कोणीतरी वाचून सांगावे लागत होते.

हेमाद्रीच्या अंताविषयी निरनिराळ्या कथा आहेत. त्यांत शिरण्याचे प्रयोजन नाही. १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात रामदेवाचा मंत्री म्हणून पुरुषोत्तम याचे नाव आहे. म्हणजे तोवर यंत्राला दुसरा सेवक मिळाला होता. त्याआधीच, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर येऊन अपार द्रव्य घेऊन गेला होता. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर पुन्हा आला, रामदेव दिल्लीस नेला गेला आणि मांडलिक होऊन परत आला. रामदेवाचा जावई हरपाळदेव याने उठाव केला. त्याला पकडून क्रूरपणे मारण्यात आले, आणि १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य नाममात्रही उरले नाही.

हेमाद्रीचा ग्रंथ मात्र टिकला. कमलाकरभट्टांच्या निर्णयसिंधूपासून पुढचे निबंधकार त्याचा आधार घेत राहिले, आणि आजही घराघरातील पंचांगाच्या व्रतवैकल्यांत त्याच्या निर्णयांचा अंश आहे. श्रीकरणाच्या वह्या राज्याबरोबर नाहीशा झाल्या. त्याच धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीही हरवली. पंथीय मंडळी देशोधडीला लागली. पुढे ग्रंथ परक्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून रवळोबासांनी सकळ लिपी योजिली, जी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना उलगडली नव्हती. पण लिपीत बंद करण्यासाठी आधी पाठ हाती असावा लागतो. तो मिळाला हिराइसांकडून. त्यांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांच्या स्मरणातून उतरलेला पाठ हिराइसापाठ म्हणून आजही आपल्या पोथ्यांत चालत आलेला आहे.